अर्ध्या इंचाची राखण

सकाळी साडेपाचला सरावाच्या हॉलमधल्या भिंतीवर पेन्सिलीची एक रेघ ओढली गेली, आणि देलियो माग्बानुआने ती दोनदा बघितली. रेघ त्याची नव्हती, टॉलिव्हरची होती. हा चोवीस वर्षांचा अमेरिकन पोरगा कालच मनिलात उतरला होता, आणि दागात सार्डिन या मासळीच्या कंपनीच्या बास्केटबॉल संघाचा यंदाचा परदेशी खेळाडू म्हणून आज संध्याकाळी पाच वाजता लीगच्या कचेरीत त्याची उंची मोजली जाणार होती. परदेशी माणूस प्रत्येक संघाला एकच, आणि तोही सहा फूट सहा इंचांच्या वर नको, असा यंदाचा नियम. भिंतीवरची रेघ सहा फूट साडेसहा इंचांवर होती. कोच उबाल्दे स्वतः जेमतेम साडेपाच फुटांचा, तो स्टुलावर चढून रेघेकडे बघत राहिला, मग खाली उतरला आणि म्हणाला, "माणूस सकाळी लांब असतो, संध्याकाळपर्यंत खचतो. मणक्यांमधल्या गाद्या दबतात. देलियो, हे तुझ्याइतकं इथे कुणाला माहीत आहे? याला घेऊन जा. पाचपर्यंत बसू द्यायचं नाही, टेकू द्यायचं नाही, झोपू तर मुळीच द्यायचं नाही." सगळा संघ हसला. कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं, "कुया, या खेपेला दार नको, खांब घेऊन जा!" धाकटे खेळाडू त्याला कुया म्हणत, थोरला भाऊ. देलियोही हसला. हसताना त्याच्या मनात स्वच्छ येऊन गेलं, की हा पोरगा अर्धा इंच खचला नाही तर आपलं चांगभलं आहे.

हिशोब अगदी सरळ होता. टॉलिव्हर पास झाला तर बास्केटखालची जागा त्याची, आणि देलियो बाकावर. सामन्यातली पाच-सहा मिनिटं खेळायचं, बाकी वेळ टॉवेल फिरवून टाळ्या पिटायच्या. नापास झाला तर त्याला परतीचं तिकीट, आणि ओहायोतल्या एका बुटक्या, चपळ गार्डला, म्हणजे बास्केटपासून लांब खेळणाऱ्याला, आजच फोन जाणार. मग बास्केटखाली देलियोच. त्याचा करार या मोसमाअखेर संपत होता, वय अडतीस. बाकावर बसलेल्या अडतीस वर्षांच्या माणसाशी कोण नवा करार करतं? हे कोचला कळत नव्हतं का? देलियोने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. कोचच्या टकलावर जसं काही नव्हतं तसंच तोंडावरही नव्हतं. एक तर त्याला काहीच सुचलं नसेल, किंवा सगळं सुचूनच त्याने कोंबडीच्या राखणीला मांजर बसवलं असेल. देलियोला दुसरीच शक्यता जास्त खरी वाटली, आणि त्याचा त्याला थोडा रागही आला.

तरीही तो घाबरला नव्हता, हे नमूद केलं पाहिजे. देलियो माग्बानुआ घाबरणाऱ्यातला नव्हताच. सोळा मोसमांत अकरा परदेशी त्याच्या डोक्यावरून उड्या मारायला आले आणि गेले, आणि देलियो इथेच होता. त्याची उडी कधीच उंच नव्हती. त्याचं सगळं काम कंबरेपासून खाली चालायचं. चेंडू बास्केटकडे निघाला, की तो प्रतिस्पर्ध्याला पाठ देऊन, ढुंगण मागे रेटून अशी जागा धरायचा, की मागचा माणूस आभाळाला हात लावेल पण चेंडूला नाही. मारिकिनातल्या त्याच्या गल्लीत बायका याला 'देलियोचं बूड' म्हणायच्या आणि त्याच्या बायकोसमोरच म्हणायच्या. रस्त्यावरून टॉलिव्हरच्या शेजारून चालताना त्याने सवयीने पोरग्याचे खांदे, पोटऱ्या, चालताना डावा पाय किंचित बाहेर पडतो ते, सगळं टिपून घेतलं. डाव्या बाजूने रेटायचा, मनात म्हणाला, आणि त्याला बरं वाटलं.

त्यांनी सकाळ नदीकाठी चालून काढली. ऊन चढायला लागलं तसा टॉलिव्हर पेंगायला लागला. त्याच्या गावी आत्ता झोपायची वेळ होती, अंग ऐकत नव्हतं. कठड्याशी आला की त्याचा हात आपोआप कठड्याकडे जायचा, आणि देलियो तो हलकेच बाजूला करायचा. "बॉस, फक्त एक मिनिट," टॉलिव्हर म्हणायचा. "पाचनंतर हवा तेवढा बस," देलियो म्हणायचा, "बसायला जन्म पडलाय." बाजारात दोघांनी उभ्यानेच तांदळाची पेज खाल्ली, वरून आलं आणि उकडलेलं अंडं. मासळीवाली आलिंग चारिंग मांडी ठोकून ओरडली, "अरे देलियो, स्वतःच्या हाताने सवत घरात आणतोयस! हा पास झाला की तू बाकावर! बाक पुसून ठेवलंस का?" आजूबाजूच्या बायका खिदळल्या. "काय म्हणाली ती?" टॉलिव्हरने विचारलं. "तुझं स्वागत करतेय," देलियो म्हणाला. टॉलिव्हरने मासळीवालीला वाकून नमस्कार केला, म्हणजे निम्म्यात वाकला, आणि देलियोने त्याच्या पाठीत कोपर घालून त्याला सरळ केलं. वाकलास की पाठ मोकळी होते गाढवा, असं तो इंग्रजीत म्हणणार होता, पण इंग्रजीत त्याला ते तितकं प्रेमाने म्हणता आलं नसतं.

दार, दार. सगळे हसतात ते त्या दारावरून. देलियोनेच ती गोष्ट कपडे बदलायच्या खोलीत शंभर वेळा सांगितली होती, आणि दर वेळी तिला थोडं मीठमसाला लावला होता. पण मुळात ती खरी होती. तो एकोणीस वर्षांचा होता, आंतिकेच्या किनाऱ्यावरचा, मच्छीमाराचा. मनिलातल्या एका कॉलेजचा माणूस येऊन सांगून गेला होता, की सहा फूट चार इंच भरलास तर शिक्षण, राहणं, जेवण सगळं फुकट. चार म्हणजे चार, केसभरही कमी नको. देलियो सकाळी उठल्याउठल्या चार भरायचा आणि जेवेपर्यंत पावणेचारवर यायचा. मनिला बोटीने दोन दिवसांवर. मग वडिलांनी घराचं दार बिजागऱ्यांवरून उतरवलं. बांबूच्या घरात लाकडाची तेवढी एकच सपाट वस्तू होती. त्यावर देलियोला निजवलं, छातीवरून नि मांड्यांवरून दोरी घेतली, आणि चार काकांनी ते दार खांद्यावर घेऊन बोटीवर चढवलं. उतारूंनी छातीवर क्रूस काढले. एका म्हातारीने पायाशी मेणबत्ती लावली आणि मेलेला पोरगा "आभारी आहे, लोला" म्हणाला, तेव्हा ती आजी किंचाळून डेकच्या दुसऱ्या टोकाला पळाली. इथे सगळे नेहमी हसत. जेवणही त्याने पडूनच केलं, काका भाताचे घास तोंडात घालत. कॉलेजच्या आवारात त्याला दारावरून उभा केला आणि तीन पावलांत मोजपट्टीखाली नेला. सहा फूट चार. काकांनी त्याच दारावर ताल धरला.

एवढी गोष्ट तो सांगायचा. जी सांगायचा नाही ती अशी, की डेकवर दार ठेवलं तेव्हा बाजूला टिचभर जागा राहिली होती आणि तिथे वडील उभे राहिले. दोन दिवस. काका आळीपाळीने कुठे तरी लवंडायचे. वडील हातात छत्री घेऊन उभे, ऊन आलं की पोराच्या तोंडावर, सर आली की पोराच्या तोंडावर. देलियो खालून त्यांच्याकडे बघायचा तेव्हा त्याला त्यांच्या नाकपुड्या आणि हनुवटीखालचे न केलेल्या दाढीचे खुंट दिसायचे, आणि मागे आभाळ. "तुम्ही बसा ना, ताताय," तो म्हणायचा. "बडबडू नकोस, उंची कमी होते," वडील म्हणायचे. दार परत गावी गेलं, पण पाण्याने फुगलं होतं, नंतर नीट लागलंच नाही. आई पुढे कित्येक वर्षं शेजारणींना सांगायची, पोरगा उंच झाला नि नवरा दोन इंच खचून घरी आला. वडील मग मुद्दाम टाचा उचलून चालून दाखवायचे. ते आता नाहीत. ती छत्री कुणी नेली कुणास ठाऊक.

दुपारी दीडला तो टॉलिव्हरला आपल्या घरी घेऊन गेला, कारण पोरग्याचा रंग उतरला होता आणि पुरिताने जेवण केलं होतं. पुरिता म्हणजे देलियोची बायको. तिने दोघांची ताटं फ्रिजवर मांडली. तेवढ्या उंचीवर त्यांना उभ्याने खाता येत होतं, आणि तिला हे सगळं नवीन नव्हतं. देलियो आत हात धुवायला गेला. चार-दोन मिनिटंच गेली असतील. बाहेर आला तर टॉलिव्हर सोफ्यावर आडवा. पाय सोफ्याच्या हातावरून बाहेर, तोंड उघडं, हातात अर्धं केळं. पुरिता पंखा त्याच्याकडे वळवत होती.

"झोपू दे त्याला," ती हळू आवाजात म्हणाली. "कुणाचा तरी मुलगा आहे."

"पुरिता."

"काय पुरिता? पोर मरायला टेकलंय. तू झोपून आलास तेव्हा तुला कुणी उठवलं होतं? आणि कोचला कोण सांगणार आहे? मी?" मग तिने पंख्याची मान घट्ट केली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तुलाही एक मोसम मिळेल."

ती वाईट बाई नव्हती. सोळा वर्षं तिने त्याच्या गुडघ्यांना बर्फ लावला होता, आणि त्यातल्या एकाही दिवशी तिने कुरकुर केली नव्हती. म्हणूनच तिच्या तोंडून ते आलं तेव्हा ते पाप वाटलं नाही, माया वाटली. देलियो भिंतीवरच्या घड्याळाखाली उभा राहिला. दोन वाजायला दहा मिनिटं. पडलेला माणूस किती वेळात किती लांबतो, हे जगात त्याच्याइतकं कुणी शिकलेलं नव्हतं. पहिल्या पाच मिनिटांत पाठ नुसती सैल पडते. दहा मिनिटांत गाद्या पाणी प्यायला लागतात. तासाभरात सकाळची सगळी पायपीट वाया. आणि यात त्याला काहीच करायचं नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं. किती सोपं होतं ते, आणि किती सभ्य. थकलेल्याला झोपू दिलं, यात कुणाच्या बापाचं काय गेलं? त्याने बाकावरच्या स्वतःला पाहिलं, खांद्यावर टॉवेल. मग बास्केटखालच्या स्वतःला पाहिलं. दोन्हीकडे तोच होता. पण दुसऱ्या चित्रात हॉलमधले लोक त्याच्याकडे बघत नव्हते. ते ज्या माणसाला परत पाठवलं त्याच्या मोकळ्या जागेकडे बघत होते, आणि देलियो त्या मोकळ्या जागेत उभा होता. त्याला एकाएकी इतकी चीड आली, की कान गरम झाले. आजवर त्याने जागा धरली होती. कुणी रिकामी करून दिलेल्या जागेत तो कधी जाऊन बसला नव्हता. सोफ्यावरच्या पोरग्याच्या नाकपुड्या वरून दिसत होत्या, हनुवटीखाली दोन दिवसांचे खुंट. दोन वाजून एक मिनिट. अकरा मिनिटं झाली होती. देलियोने वाकून त्याच्या काखेत हात घातले आणि त्याला एका हिसक्यात उभं केलं.

"चल," तो म्हणाला. "तांदूळ उचलायचाय."

पुरिताने पंखा बंद केला. तिने केळ्याचं साल उचललं.

कोपऱ्यावरच्या दुकानातून पन्नास किलोची गोणी घेऊन ती टॉलिव्हरच्या मानेवर ठेवली आणि त्याला गल्लीतून वर चढवला, मग खाली उतरवला, मग पुन्हा वर. अकरा मिनिटं भरून काढायची होती, म्हणून अकरा फेऱ्या. गल्ली तमाशाला जमली. तिसऱ्या फेरीला देलियोनेही एक गोणी मानेवर घेतली, कारण मोकळ्या हातांनी शेजारून चालणं त्याला बरं दिसेना. न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "देलियो, तुला कुणी सांगितलंय रे खचायला? तू आधीच कमी आहेस!" "तुझ्या धंद्यापुरता उंच आहे मी," देलियो म्हणाला, "माझे केस कापायला तुला अजून पाट लागतो." लोक हसले. मान भाजत होती, गुडघे करकरत होते, आणि देलियोला किती तरी दिवसांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

साडेतीनला कंपनीचा ट्रक आला. मोटारीत बसावं लागतं, म्हणून दोघं मागे सार्डिनच्या खोक्यांमध्ये उभे राहिले, वरच्या दांड्याला धरून. शहर दोन्हीकडून संथ सरकत होतं. गर्दीत गाडी थांबली की लोक खालून ओळखायचे आणि हात करायचे. टॉलिव्हरची झोप आता उडाली होती. तो म्हणाला, "मी नापास झालो तर कोण येणार?"

"ओहायोचा एक गार्ड. बुटका आहे."

"ते नाही विचारत. बास्केटखाली कोण खेळणार?"

देलियोने एक खोकं पायाने सरळ केलं. "मी."

ट्रक खड्ड्यातून गेला. टॉलिव्हरने दोन्ही हातांनी दांडा धरला होता आणि तो देलियोकडे वाकून बघत होता. "मग मला उठवलंस कशाला? मी झोपलो होतो. मला आठवतंय, मी झोपलो होतो. तुझी जागा तुला आपोआप मिळत होती."

"मला जागा मिळत नसते," देलियो म्हणाला. "मी घेतो. घ्यायला समोर कुणीतरी लागतं. आणि वाकू नकोस."

टॉलिव्हर हसला नाही. त्याने पाठ सरळ केली, मग थोडी खचवली, आणि कचेरी येईपर्यंत तसाच उभा राहिला.

लीगच्या कचेरीतली मोजायची फळी मांग इस्कोच्या ताब्यात होती. वीस वर्षं हा म्हातारा हेच काम करत होता आणि त्याने सगळ्या युक्त्या पाहिल्या होत्या. गुडघे दुमडणारे, मान आत घेणारे, श्वास सोडून पोट खाली पाडणारे. तो एक हात पोटावर ठेवायचा, दुसरा गुडघ्यांवर. टॉलिव्हर बूट-मोजे काढून फळीला लागला. कोच नखं खात होता. मांग इस्कोने वरची आडवी पट्टी खाली आणली, आणि ती केसांवर येऊन थांबली. अकरा मिनिटं. त्या अकरा मिनिटांत या पोराच्या पाठीने किती पाणी प्यायलं असेल? पास होऊ दे, तो मनात म्हणाला, देवा, होऊ दे पास, माझ्या त्या मिनिटांपायी याला घरी पाठवू नकोस. आणि आपण नेमकं काय मागतोय हे ऐकून तो स्वतःच चकित झाला. पट्टी केस दाबत खाली गेली, टाळूला टेकली. मांग इस्कोने चष्मा वर केला, खाली केला, पट्टीवरची खूण बोटाने पुसून पुन्हा पाहिली.

"सहा-सहा," तो म्हणाला. "कागद जाणार नाही मध्ये, पण सहा-सहा."

कोचने मारलेली किंकाळी बाहेर रस्त्यावर गेली असेल. टॉलिव्हर फळीखालीच घसरत खाली बसला. दिवसभराच्या पायपिटीनंतर बसलेल्या माणसाच्या तोंडावर जे येतं ते त्याच्या तोंडावर आलं. कोच देलियोच्या पाठीवर थापा मारत होता, आणि त्या थापांमधून देलियोला कळलं की सकाळचा त्याचा अंदाज बरोबर होता. कोचला सगळं सुचलं होतं, सुचूनच त्याने राखण दिली होती. देलियोला आता राग आला नाही.

"तू पण ये रे," मांग इस्को देलियोला म्हणाला. "सोळा वर्षं तुझ्या नावापुढे सहा-सहा लिहितोय. कंपनीने सांगितलं नि मी लिहिलं. इथल्यांना कोण मोजतंय? एकदा बघू तरी."

"कशाला उगाच."

"ये ना," जमिनीवरून टॉलिव्हर म्हणाला, "तूही दिवसभर उभाच होतास, कुया." हा शब्द तो सकाळपासून इतरांच्या तोंडून ऐकत होता, आत्ता त्याने पहिल्यांदा वापरला.

देलियोने बूट काढले. टाचा फळीला, नजर समोर, पोटावर म्हाताऱ्याचा गार हात. पट्टी खाली येत राहिली, त्याला वाटलं होतं त्याहून जास्त वेळ. सहा फूट तीन आणि थोडंसं. कोचने छताकडे पाहिलं.

"काय लिहू?" मांग इस्कोने विचारलं, अगदी हळू. "सहा-सहाच लिहितो."

देलियोला हसू आलं. आधी नाकातून, मग पोटातून. आंतिकेच्या घराचं फुगलेलं दार, आईच्या गोष्टीतला दोन इंच खचून आलेला नवरा, त्या टाचा उचलून चालून दाखवणं. वडील असते तर आज त्यांना फोन केला असता आणि सांगितलं असतं, ताताय, मीही खचून आलो. त्यांची इतकी आठवण आली, की डोळे भरले, आणि ते त्याने लपवले नाहीत.

"आहे ते लिहा," तो म्हणाला. "तीन नि थोडंसं. ते थोडंसं नीट लिहा."

मांग इस्कोने लिहिलं. देलियोने बूट घातले, नाड्या दोनदा आवळल्या, आणि जमिनीवर बसलेल्या टॉलिव्हरपुढे हात केला.

"ऊठ. सरावाच्या हॉलवर जायचंय."

"आत्ता? कुया, मी मेलोय."

"आत्ताच. उद्या सकाळी तू पुन्हा अर्धा इंच वाढशील, आज आहेस त्याहून खाली तू मला परत सापडायचा नाहीस. आणि तुझा डावा पाय बाहेर पडतो, माहीत आहे का तुला?"

टॉलिव्हरने आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं. मग त्याने हात धरला आणि कण्हत उठला. परत जातानाही ते ट्रकच्या मागेच उभे होते. आता बसायला कुणाची मनाई नव्हती, पण दोघांतला कुणी बसला नाही. हॉलवर पोचल्यावर टॉलिव्हर पाणी प्यायला गेला. देलियोने दिवे लावले, चेंडू त्याच्यासाठी मध्यरेषेवर ठेवला, आणि बास्केटखाली जाऊन पाय फाकवून उभा राहिला.